तळ्याचा दुसरा काठ

भोपाळमधील मराठी माणसाला या शहराचे वैभव विचारले, तर तो प्रथम मोठ्या तलावाचेच नाव घेईल. १९५६ साली नव्या मध्यप्रदेशाची राजधानी येथे आली आणि नागपूरहून अनेक मराठी कर्मचाऱ्यांची कुटुंबेही आली. माझे वडील त्यांपैकीच एक. परक्या गावात त्या पिढीला पहिला विसावा मिळाला तो या पाण्याच्या काठी. रविवारची संध्याकाळ, शेंगदाण्याची पुडी आणि श्यामला टेकडीमागे उतरणारे ऊन, एवढ्या भांडवलावर आमचे बालपण श्रीमंत झाले.

अकराव्या शतकात राजा भोजाने बांधविलेला हा तलाव आजही शहराच्या मोठ्या भागाची तहान भागवितो. २००२ साली ‘भोज पाणथळ क्षेत्र’ म्हणून त्याला रामसर यादीत स्थान मिळाले. हिवाळ्यात वनविहाराच्या कडेने चालत गेले, तर पाण्यावर चांदव्यांचे थवे आणि खडकावर पंख वाळवीत बसलेले पाणकावळे सहज दिसतात. बालरोगतज्ज्ञ म्हणून मी पालकांना हा काठ औषधासारखा लिहून देत आले आहे. चीनमधील ग्वांगझू येथील शाळांत मुलांना रोज चाळीस मिनिटे अधिक उघड्यावर ठेवले असता तीन वर्षांत नव्याने लघुदृष्टी जडण्याचे प्रमाण ३९.५ ऐवजी ३०.४ टक्के राहिले, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. इतके स्वस्त औषध दुसरे कोणते असणार?

काही वर्षांपूर्वी दम्याच्या एका मुलाच्या आईला मी याच उत्साहाने सांगितले, “याला तलावावर फिरायला नेत जा.” ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “आम्ही तिकडे जात नाही, मॅडम. त्या रात्री अम्मी मला उचलून कमला पार्ककडे पळाली होती. धाकटा भाऊ वाटेतच गेला.” माझ्या हातातील लेखणी थांबली. दोन तलावांमधील बांधावर वसलेला कमला पार्क माझ्या लेखी भेळ आणि घसरगुंडीचे ठिकाण होता. तिच्या लेखी तो भावाला गमावल्याची वाट होता. आम्ही दोघी एकाच शहरात वाढलो होतो. काठ मात्र वेगळे होते.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री मी चौदा वर्षांची होते. आम्ही तात्या टोपे नगरच्या सरकारी घरात राहत होतो. पहाटे अनोळखी माणसे डोळ्यांवर पदर, उपरणी दाबून आमच्या गल्लीत आली. आईने दारात पाण्याची बादली ठेवली. आम्हांला काहीच झाले नाही. विषारी वायू प्रामुख्याने जुन्या शहरावर पसरला होता. छप्पन्न प्रभागांपैकी छत्तीस प्रभाग पुढे बाधित म्हणून जाहीर झाले आणि सुमारे पावणेसहा लाख लोकांना नुकसानभरपाई मंजूर झाली. आपली बहुतेक मराठी वस्ती तलावाच्या दक्षिणेला, नव्या भोपाळमध्ये होती. आपण वाचलो आणि वाचलेली माणसे लवकर विसरतात.

डिसेंबर महिना आला की आपल्या कार्यक्रमांत १७३७ च्या भोपाळच्या लढाईचे स्मरण होते. पहिल्या बाजीरावांनी निजामाला याच शहरात कोंडले, ही अभिमानाची गोष्ट आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. परंतु त्याच महिन्यातील, आपल्या हयातीतील दुसरी घटना आपण ‘त्या लोकांची’ मानतो. जिथे आपली मुले जन्मली, त्या गावाचा निम्मा इतिहास आपण आपला मानणार नसू, तर आपण येथे स्थायिक झालो की नुसतेच वस्तीला आलो?

हा केवळ सहानुभूतीचा प्रश्न नाही, वैद्यकाचाही आहे. मिथाइल आयसोसायनेट हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत पसरला आणि बालकांची उंची कमी, श्वासाची गती अधिक. घाबरून धावणाऱ्यांच्या छातीत तो अधिकच गेला. ओले फडके नाकातोंडावर धरा, वाऱ्याच्या दिशेने धावू नका, त्याला आडवे निघा, एवढे साधे ज्ञान त्या रात्री घरोघरी असते, तर काही जीव निश्चित वाचले असते. आजही किती मराठी घरांतील मुलांना हे ठाऊक आहे? लसीचा पहिला डोस देऊन आपण थांबत नाही, बूस्टर देतो. शहराच्या आठवणीलाही बूस्टर लागतो.

कोणी म्हणतील, सहलीच्या जागी मुलांना असल्या कथा सांगून त्यांचा आनंद का हिरावून घ्यावा? आक्षेप रास्त आहे. पाच वर्षांच्या मुलाला मृत्यूची वर्णने सांगू नयेतच. पण दहा-बारा वर्षांचे मूल सत्य पेलू शकते, विशेषतः विश्वासाच्या माणसाचा हात हातात असेल तर. माझ्या अनुभवात मुले खऱ्या गोष्टीने जितकी भितात, त्याहून अधिक मोठ्यांच्या मौनाने भितात.

म्हणून आपल्या मंडळापुढे एक छोटी सूचना ठेवते. दर डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आपण मुलानातवंडांसह वनविहारापासून कमला पार्कपर्यंत पायी जावे. वाटेत पक्षी दाखवावेत, भोजाची आणि बाजीरावांची गोष्ट सांगावी आणि बांधावर पोहोचल्यावर १९८४ ची. मग सवड काढून कारखान्याजवळचा आई व मुलांचा पुतळाही दाखवावा. डच शिल्पकार रूथ वॉटरमन यांनी तो १९८५ साली घडविला. दूरदेशीच्या एका स्त्रीला ही आठवण आपली वाटली. आपण तर दोन कोसांवर राहतो.

त्या आईचा मुलगा आता मोठा झाला आहे. अलीकडे तो तपासणीला आला तेव्हा म्हणाला, “मी अम्मीला एकदा तलावावर घेऊन गेलो. ती पाण्याकडे पाठ करून बसली, पण बसली.” तिच्या शेजारी कधीतरी आपल्यापैकी कोणी बसलेले असावे, एवढेच मागणे आहे.