हजर असून गैरहजर

परवा पुन्हा तेच झालं. सकाळी साडेसहाला हिच्या खोलीतला स्पीकर फोनवरून नाहीसा झाला. म्हणजे वस्तू जागेवरच होती हो, कपाटावर, दिवा लावून बसलेली. पण फोन म्हणतो, स्पीकर सापडला नाही. अरे, मला चष्म्याशिवाय दिसतोय, तुला कसा सापडत नाही?

थोडी पार्श्वभूमी सांगतो. हिची दृष्टी काचबिंदूमुळे बरीच गेली आहे. वाचन सुटलं, टीव्ही नुसता ऐकायचा. राहिलं ते गाणं. म्हणून मुलानं गेल्या दिवाळीत तीन वायफाय स्पीकर आणून बसवले. हॉलमध्ये एक, स्वयंपाकघरात एक, हिच्या खोलीत एक. एकाच वेळी तिन्हीकडे भीमसेन! महिनाभर घर भरून गेलं होतं. मग एकेक गडी गळायला लागला.

तक्रार केली की काय ऐकायला मिळतं? मुलगा म्हणतो, "बाबा, तुमच्याकडून काहीतरी दाबलं गेलं असणार." नातू म्हणतो, "आजोबा, रीस्टार्ट करा ना." आणि कंपनीच्या फोनवरचा माणूस अतिशय नम्रपणे विचारतो, "सर, घरात कुणी तरुण मंडळी आहेत का?"

मंडळी, या प्रश्नावर माझं डोकं फिरलं, आणि म्हणून हा लेख.

मी ३४ वर्षं मास्तरकी केली. वर्गात दोन मुलं नापास झाली तर त्यांच्या अभ्यासाकडे बघावं. अख्खा वर्ग नापास झाला तर मास्तरनं आरशात बघावं. माझ्या ओळखीच्या सगळ्या म्हाताऱ्यांना जर ही यंत्रं जमत नसतील, तर मंद आम्ही नाही. शिकवणारा कामचुकार आहे.

मी एक वही केली. कुठला स्पीकर, किती वाजता, त्याआधी घरात काय झालं, हे पंधरा दिवस लिहिलं. मग नातवाला समोर बसवून प्रत्येक नोंदीचं कारण विचारलं. त्यालाही शोधावं लागलं, हे मुद्दाम नमूद करतो! जे कळलं ते असं.

फोन स्पीकर शोधतो म्हणजे काय करतो? हजेरी घेतो. वायफायवरून सगळ्यांना एक हाक मारतो, "कोण कोण आहे?" स्पीकर म्हणतात, "हजर." ही हाक पोचवणारा शिपाई म्हणजे राउटर. शिपायानं हाक पोचवली नाही, की मूल वर्गात असून गैरहजर. आमच्याकडे हे तीन कारणांनी होत होतं.

पहिलं, तुकडी वेगळी. वायफाय बसवणाऱ्या मुलानं माझा फोन पाहुण्यांच्या, म्हणजे गेस्ट नेटवर्कवर जोडून ठेवला होता. त्यावरच्या फोनला घरातली इतर यंत्रं सहसा दिसूच देत नाहीत. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण 'अ' तुकडीची हजेरी 'ब' तुकडीत बसून कशी घेणार?

दुसरं, हजेरी क्रमांक बदलणं. राउटर प्रत्येक यंत्राला एक क्रमांक देतो, त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. लाइट जाऊन आली की काही राउटर जुने क्रमांक विसरून नवे वाटतात, आणि अ‍ॅप जुन्याच क्रमांकाला हाका मारत बसतं. त्यात स्पीकर आधी जागा होतो, राउटरला मात्र दोन-तीन मिनिटं लागतात. वहीतल्या निम्म्या नोंदी लाइट गेल्यानंतरच्या निघाल्या. उपाय म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक स्पीकरला कायमचा क्रमांक राखून ठेवायचा. आणि राउटरला छोटा यूपीएस.

तिसरं, भिंत. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतात. २.४ च्या लांब जातात. आमच्या जुन्या घराच्या भिंती जाड आणि हिची खोली टोकाला. तो स्पीकर २.४ वर जोडला आणि राउटर टीव्हीच्या मागून काढून उंचावर ठेवला.

(आयफोनवाल्यांसाठी आणखी एक. २०२० पासून अ‍ॅपला घरातल्या नेटवर्कवरची यंत्रं शोधायची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती नाकारली गेली असेल तर शोधत बसाल.)

आता सांगा, यातलं अवघड काय आहे? सातवीतल्या मुलाला एका तासात शिकवीन. मग हे खोक्यात का नव्हतं? खोक्यात होती एक घडीची चिठ्ठी, तीवर चित्रं आणि बाण. आणि अ‍ॅप काय सांगतं, तर 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा'. काय चुकलं ते न सांगता पुन्हा प्रयत्न करा म्हणणाऱ्या मास्तरला आम्ही शाळेत काय म्हणायचो, ते इथे लिहीत नाही.

हे म्हाताऱ्यांचं रडगाणं वाटत असेल तर एक उदाहरण देतो. सोनोस ही वायरलेस स्पीकरची नावाजलेली अमेरिकन कंपनी. (आमचे स्पीकर तिचे नाहीत.) मे २०२४ मध्ये तिनं अ‍ॅप नव्यानं बनवलं. गजरासारख्या साध्या सोयी सुरुवातीला गायब, आणि धडधाकट स्पीकर अ‍ॅपला सापडेनात. जुलैमध्ये कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली, जानेवारी २०२५ मध्ये ते पायउतार झाले. तिचे ग्राहक काही सगळे सत्तरीचे नव्हते! विकत घेतलेली चांगली वस्तू कंपनी घरबसल्या बिघडवू शकते, हा खरा धडा.

सोय नको असं मी म्हणत नाही. रेडिओची खरखर ऐकत आम्ही मोठे झालो, तिचे गोडवे गाणार नाही. मागणं तीनच आहे. खोक्यात मराठीत छापलेलं एक पान. फोनशिवाय गाणं लागेल असं स्पीकरवर एक बटण, हाताला कळेल असं उंच. आणि हे अ‍ॅप किती वर्षं चालेल, ते खोक्यावर ठसठशीत.

असो. गेले तीन आठवडे स्पीकर हजर आहेत. नातू सगळ्यांना सांगतो, आजोबा टेक्निकल झाले. कौतुक नको रे बाबा. हिला सकाळी एक अभंग ऐकायचा होता, त्यासाठी पंधरा दिवस वही लिहावी लागली.

राउटरशेजारी मी माझ्या अक्षरात एक कागद चिकटवला आहे, वरचीच तीन कारणं आणि उपाय. कुणाला हवा असेल तर खुशाल उतरवून घ्या. काम कंपनीचं होतं, एवढं मात्र लक्षात ठेवा.