इतिहासाच्या बाई आणि पुसदचे गवत

१० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसदला जंगल सत्याग्रह झाला. वऱ्हाडात समुद्र नाही. मिठाचा कायदा मोडण्यासाठी एप्रिलमध्ये अकोल्याकडच्या दहिहांड्याच्या खाऱ्या विहिरींचे पाणी आटवावे लागले होते. पुढे जंगलचा कायदा निवडला गेला आणि राखीव जंगलातले गवत कापून तो मोडायचे ठरले. यवतमाळ जिल्ह्यातल्या वर्गात एवढे सांगून झाले की धडा पुढे सरकतो.

आमचे म्हणणे त्या गवताबद्दल आहे. सत्याग्रहाच्या दिवशी विळा पुढाऱ्यांच्या हातात होता. एरवी तो कोणाच्या हातात असे? गुरांसाठी गवताचा भारा, चुलीसाठी सरपण, मोहफुले, डिंक, ही कामे गोंड, कोलाम, बंजारा आणि गावातल्या इतर गरीब घरच्या बायांची. जंगल राखीव झाल्यावर नाकेदाराची नजर चुकवत त्यांना ती करावी लागली. म्हणजे पुसदला एक दिवस जाहीरपणे मोडलेला कायदा या बाया पोटासाठी रोजच मोडत होत्या. त्याच १९३० साली, त्याच मध्यप्रांत-वऱ्हाडात, शिवनी जिल्ह्यातल्या तुरिया गावी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. मेलेल्या चौघांत तीन गोंड बाया होत्या. आपल्या किती शाळांत हे सांगितले जाते?

दोष एकट्या शिक्षिकेचा नाही. तिला जे दाखवले जाते तेच ती दाखवणार. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. त्यातले किती तास सभागृहातल्या पडद्यासमोर आणि मोबाईलवरचे व्हिडिओ पुढे ढकलण्यात जातात, हे कोणत्याही शिक्षिकेला विचारा. दिल्लीचे सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र १९७९ पासून शिक्षकांना वास्तू व संग्रहालये दाखवत आले आहे. काम चांगले आहे, पण शिबिर मुक्कामी आणि दूरवर. घरी तान्हे मूल, अंथरुणावरच्या सासूबाई, आणि ‘एवढे दिवस कशाला’ हा प्रश्न. यादीत मग कोणाची नावे जातात, ते वेगळे सांगायला नको.

आणि स्थळ पाहायला नेले तरी तिथे काय पाहायचे, हा प्रश्न उरतोच. सिंदखेडराजाला सहली जातात. जाव्यातच. पण तिथे जिजाऊ भेटतात त्या फक्त आई म्हणून. त्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापली, त्यांच्या नावाने गाडी थांबत नाही. ऑगस्ट १९४२ साठी चिमूर-आष्टीला जाणारी सहल नागपुरात उतरून जुलै १९४२ ची आठवणही काढत नाही. त्या महिन्यात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली तिथे अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली होती. चिमूरलाही हुतात्म्यांना हार घातला जातो, पण लष्कराने तिथल्या बायांवर केलेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींना प्रदीर्घ उपोषण करावे लागले, हे कुजबुजीतच राहते.

म्हणून आमचा आग्रह आहे की इतिहासाच्या शिक्षकांचे प्रशिक्षण आपल्याच जिल्ह्यातल्या जागांवर, एकेका दिवसाचे व्हावे आणि ते त्या ५० तासांत धरले जावे. सकाळी निघून संध्याकाळी घरी. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धे तिकीट आहे, तेव्हा खर्चाची सबब फार टिकणार नाही. जागा ठरवताना तिथे संडासाची सोय आहे का, हे आधी पाहावे. (आयोजक पुरुष असले की हे हमखास राहते.) पुसदच्या जंगलाच्या कडेला उभे राहून गावापासूनचे अंतर पायी मोजले, भारा डोक्यावर घेऊन पाहिला, की पुस्तकातला ‘जंगल कायदा’ हा शब्द बाईंच्या मानेला कळेल. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला आता बंद आहे, पण तिची स्टेशने आहेत. ज्या कापसासाठी इंग्रजांच्या कंपनीने ती अरुंद वाट टाकली, तो कापूस वेचला कोणी आणि जिनात निवडला कोणी, हे स्टेशनाच्या फलकावर नाही. ते वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारावे लागेल.

इथे आपले काम सुरू होते. ती माणसे शिक्षण खात्याला माहीत नाहीत, आपल्या गटांना माहीत आहेत. ज्यांच्या आजीला नाकेदाराने दंड केला, त्या नाती आज आपल्याच बैठकीत बसतात. त्यांतल्या काहींचे वनहक्काचे दावे चालू आहेत. २००६ च्या कायद्याने जमिनीचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायचा असतो, तरी बाईचे नाव घालायला अजूनही भांडावे लागते. त्या आणि इतिहासाच्या बाई एका झाडाखाली बसल्या तर १९३० चा धडा कुठवर आला आहे ते दोघींनाही दिसेल.

एक अट मात्र घालायची. व्याख्यात्याला मानधन मिळते, तसे दिवसाची मजुरी बुडवून बोलायला येणाऱ्या आजीलाही मिळाले पाहिजे. आणि तिने सांगितलेले तिच्या परवानगीनेच लिहून घ्यायचे.

डाएटला आणि आपापल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र एप्रिल संपण्याच्या आत द्यावे. शाळा उघडल्यावर प्रवेश आणि पुस्तकवाटपात कोणाला सवड नसते, आणि १० जुलै तर पहिल्या पंधरवड्यातच येतो.