मॉरिशसची समता

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. गुलाम आफ्रिकनांचे व गिरमिटिया भारतीयांचे वंशज, चिनी, गोरे असा हा देश. त्यात मराठी घरेही आहेत. ज्या समाजाचे प्रतिनिधी कमी निवडून येतील, त्याच्यासाठी घटनेने संसदेत आठपर्यंत जादा जागा ठेवल्या. उसावर जगणाऱ्या या बेटाने १९७० पासून निर्यातीचे कारखाने वाढवले, १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत केले. तरी गुलामांचे वंशज क्रिओल मागेच राहिले. १९९९ साली त्यांचा गायक काया पोलीस कोठडीत मरण पावला आणि दंगल पेटली. २०११ साली सत्य व न्याय आयोगाने हिरावलेल्या जमिनींचा प्रश्न मांडला. संसदेत खुर्ची आहे, पण पायाखाली जमीन नाही, तर ती समता कसली?