भुकेविरुद्ध मूठभर माणसे

दरवर्षी १६ ऑक्टोबर उजाडला की जगभर ‘जागतिक अन्नदिन’ पाळला जातो. १९४५ साली याच दिवशी कॅनडातील क्वेबेक शहरी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेची स्थापना झाली, आणि १९८१ पासून हा दिवस भुकेच्या प्रश्नाला वाहिलेला आहे. त्या दिवशी मंत्र्यांचे संदेश निघतात, व्याख्याने झडतात, शाळांतून निबंधस्पर्धा पार पडतात. आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राबरोबर ते संदेशही रद्दीत जातात. या औपचारिक गलबल्यात एक दृश्य मात्र आमचे लक्ष वेधून घेते. कोठल्या तरी लहानशा गावी दहावीस माणसे हातांत फलक घेऊन रस्त्याने चालत असतात, येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे डबा धरीत असतात. ते मागतात ते स्वतःसाठी नव्हे. ज्यांना त्यांनी कधी पाहिले नाही, ज्यांची भाषाही त्यांना उमगणार नाही, अशा दूरदेशीच्या भुकेल्यांसाठी ती माणसे हात पसरीत असतात. त्यांच्याकडे पाहून हसणारेही पुष्कळ भेटतात. ‘यांच्या चार नाण्यांनी जगाची भूक भागणार आहे काय?’ असे ते विचारतात. आज आम्हांस याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम आकडेच पाहावेत. अन्न व शेती संघटना व तिच्या सहकारी संस्थांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी ३० लाख माणसे भुकेली होती. म्हणजे दर बारा माणसांमागे एकाला पोटभर अन्न मिळत नव्हते. उलटपक्षी, २०२२ या एका वर्षात जगातील घरे, दुकाने आणि खाणावळी यांनी मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया दवडले, असा संयुक्त राष्ट्रांच्याच पर्यावरणविषयक संघटनेचा अंदाज आहे. हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले म्हणजे धरणीमातेवर ठपका ठेवण्याची सोय उरत नाही. धान्य पिकते, ते सर्वांच्या पानात पडत नाही.

मग भूक येते कोठून? याचे उत्तर आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे दगावली असे मानले जाते. आदल्या वर्षी जपानने रंगून घेतले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ यावयाचा थांबला. त्याची झळ कोचीन-त्रावणकोरपासून मुंबईपर्यंत पश्चिम किनाऱ्यालाही लागली. परंतु बंगालमधील संहाराचे कारण केवळ तांदळाची तूट हे नव्हते, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात साधार दाखवून दिले. युद्धकाळात भाव भडकले आणि खेड्यातील शेतमजूर, कोळी व कारागीर यांच्या मजुरीला तांदूळ विकत घेण्याची शक्तीच उरली नाही. बाजारात धान्य होते. ते घेण्याची ऐपत व हक्क नव्हता. माणसे मेली ती या दोहोंमधील दरीत पडून.

ती दरी आजही बुजलेली नाही. उलट काही ठिकाणी ती हेतुपुरस्सर खणली जात आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुदानात यादवी पेटली आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये दार्फूरमधील झमझम या निर्वासितांच्या छावणीत दुष्काळ असल्याचे तज्ज्ञांना जाहीर करावे लागले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तीच वेळ गाझावर आली. या दोन्ही ठिकाणी पावसाने दगा दिला नव्हता; दगा दिला तो बंदुकांनी आणि अडविलेल्या रस्त्यांनी. ज्या जागतिक अन्न कार्यक्रमाला २०२० साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याची २०२४ मधील सुमारे ९८० कोटी डॉलरची जमा २०२५ साली ६४० कोटींवर येईल, असे त्या संस्थेलाच सांगावे लागले. जगाचा २०२४ चा लष्करी खर्च मात्र २ लाख ७१ हजार कोटी डॉलरच्या वर गेला होता. या व्यस्त हिशेबावर आम्ही वेगळे भाष्य करीत नाही.

असे असता डबा घेऊन फिरणाऱ्या त्या मूठभर माणसांचा उपयोग काय? या संदर्भात ऑक्सफर्डची हकीकत मननीय आहे. १९४२ साली ग्रीस शत्रूच्या टाचेखाली होता आणि दोस्त राष्ट्रांच्या नाकेबंदीमुळे तेथे बाहेरून अन्न पोचणे दुरापास्त झाले होते. अथेन्सच्या रस्त्यांवर माणसे भुकेने मरत होती. अशा वेळी ५ ऑक्टोबर १९४२ रोजी ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चच्या जुन्या ग्रंथालयात काही नागरिक एकत्र जमले. त्यांत धर्मोपदेशक होते, ग्रीक वाङ्मयाचे विख्यात पंडित गिल्बर्ट मरे होते. त्यांनी निधी जमविला हे तर खरेच. परंतु त्याहून अवघड असे एक काम त्यांनी अंगावर घेतले. ऐन महायुद्धात, आपल्याच सरकारला त्यांनी निक्षून सांगितले की, शत्रूच्या ताब्यातील मूल हे शत्रू नव्हे. नाकेबंदीतून त्याच्यासाठी अन्न जाऊ द्या. त्या लहानशा समितीतूनच पुढे ऑक्सफॅम ही संस्था उभी राहिली, आणि १९५१ साली बिहारात दुष्काळ पडला तेव्हा तिने आपल्या देशाकडेही मदतीचा हात पुढे केला. पैसा आणि प्रश्न ही दोन्ही एकाच झोळीत घेऊन निघालेल्या या माणसांचे उदाहरण म्हणूनच आम्हांस मोलाचे वाटते.

या कार्याला जागतिक रूप देण्याचा मान एका भारतीयाकडे जातो, याचे स्मरण आज फारसे कोणी ठेवीत नाही. बिनय रंजन सेन हे बंगालच्या त्या काळ्या दिवसांत मदतकार्याचे अधिकारी होते. उपासमारीने मेलेल्यांची कलेवरे ज्याने रस्तोरस्ती पाहिली, असा माणूस १९५६ साली अन्न व शेती संघटनेचा महासंचालक झाला. १९६० साली त्यांनी ‘भुकेपासून मुक्ती’ ही मोहीम सुरू केली. सरकारांच्या परिषदा पुष्कळ झाल्या, आता सामान्य नागरिकाला या कामात ओढले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. देशोदेशी समित्या स्थापन झाल्या. शाळकरी मुले, शेतकरी, कामगार, गृहिणी त्यांत सामील झाल्या. १९६३ च्या मार्चमध्ये अनेक राष्ट्रांनी या मोहिमेची टपाल तिकिटे काढली. भारतही त्यांत होता. गोमंतक मुक्त होऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते.

अमेरिकेतील नॉर्थ डकोटा हे गव्हाच्या शेतांचे राज्य. तेथील बिस्मार्क गावी १९६९ च्या ऑक्टोबरात सुमारे एक हजार माणसे भुकेल्यांसाठी पायी चालली. पद्धत साधी. चालणाऱ्याने आपल्या इष्टमित्रांकडून दर मैलामागे अमुक रक्कम, असे वचन घ्यावयाचे आणि ते पायांनी वसूल करावयाचे. पुढे ही प्रथा त्या देशातील शेकडो गावांत रुजली. तिच्यातील एक नियम आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो: जमलेल्या निधीचा चौथ्या हिश्शापर्यंतचा भाग त्याच गावातील भुकेल्यांसाठी ठेवावयाचा, आणि उरलेला जगासाठी पाठवावयाचा.

हे सारे परक्यांचे खूळ आहे, असे मात्र कोणी समजू नये. अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या आपल्या समाजात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आजही श्रद्धेने सांगितली जाते. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे रयतेसाठी खुली केली, ती धन्याची परवानगी न घेता. शिक्षेचे भय त्यांना नव्हते असे नाही, पण दारात उभ्या असलेल्या भुकेचा धाक त्यांना अधिक वाटला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी आपली वसतिगृहे चालविली ती मुष्टिफंडाच्या बळावर. घरोघरच्या आयाबहिणी रोज दळण-कांडणाच्या वेळी एक मूठ धान्य बाजूला काढीत, आणि त्या मुठीमुठीतून परक्या घरची मुले जेवून शिकून मोठी झाली. त्या माउलींनी आपल्या मुठीने महाराष्ट्रातील अज्ञान एका दिवसात संपेल काय, असा हिशेब मांडला नव्हता. त्यांनी मूठ नेमाने काढली, एवढेच. सारे सामर्थ्य त्या नेमात होते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. आपल्याच घरी भूक असता जगाची चिंता कशाला? आपल्या घरी भूक आहे हे आम्ही नाकारीत नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुरटलेली होती. सुखवस्तू म्हणून मिरविणाऱ्या आपल्या गोव्यातही दर चार मुलांमागे एक मूल असे खुरटलेले आढळले, आणि आधीच्या पाहणीपेक्षा हे प्रमाण वाढलेले होते. पावसाळ्यापूर्वी पुरुमेंताची बेगमी करणाऱ्या, पाहुण्याला जेवल्यावाचून उंबऱ्याबाहेर न सोडणाऱ्या या भूमीला ही गोष्ट भूषणावह खचित नाही.

परंतु या आक्षेपाचे उत्तर अनुभवानेच दिलेले आहे. घरची भूक पुढे करून जगाकडे पाठ फिरविणारे घरच्या भुकेकडे तरी कितीसे पाहतात? दूरच्या मुलासाठी ज्याचे मन कळवळते, त्यालाच सहसा शेजारच्या अंगणवाडीतील मुलाची काडीसारखी दंडे दिसतात. शिवाय आपण जगाचे ऋणकोही आहोत. १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात परदेशी गव्हाची जहाजे आपल्या बंदरांना लागत होती. आज कोठारे भरलेली असताना त्या ऋणाची आठवण ठेवणे हा शिष्टाचार नव्हे, धर्म आहे. २०२२ साली भारताने अफगाणिस्तानच्या भुकेल्या जनतेसाठी पाकिस्तानच्या रस्त्याने गहू पाठविला, तो याच धर्माला जागून.

तथापि केवळ निधी जमवून हे काम संपत नाही, हेही आम्हांस स्पष्टपणे सांगावयाचे आहे. निधी आज एका पोटाला घास देतो. ते पोट उद्या पुन्हा रिकामे का, हे विचारावे लागते. २००१ साली सरकारी कोठारे धान्याने ओसंडत होती आणि राजस्थानातील दुष्काळग्रस्त उपाशी होते. तेव्हा नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी हा विरोधाभास सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सरकारी प्राथमिक शाळांतील मुलांना शिजविलेले अन्न देण्याचा आदेश निघाला, आणि या चळवळीची परिणती पुढे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात झाली. काल जी भिक्षा होती ती आज हक्क झाली. हे स्थित्यंतर कोणत्याही धनिकाच्या देणगीने घडले नसते. ते जागरूक नागरिकांच्या प्रश्नाने घडले.

म्हणून गोमंतकातील ज्या शाळा, महाविद्यालये, युवक मंडळे व देवालयांच्या समित्या असे कार्य हाती घेऊ इच्छितात, त्यांना आमच्या चार सूचना आहेत. जमलेल्या पै-पैशाचा हिशेब गावापुढे जाहीरपणे मांडावा. जेथे हिशेब झाकला जातो, तेथे पुढच्या खेपेस डबा रिकामा परततो. निधीचा काही भाग गावातील गरजूंसाठी राखावा. भुकेल्या मुलाचे छायाचित्र फलकावर मिरवून दात्याची करुणा चाळवू नये. दारिद्र्यालाही अब्रू असते. आणि चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची: ग्रामसभेत उभे राहून प्रश्न विचारावेत. अंगणवाडीचा आहार रोज पोचतो काय? शाळेतील मुलांचे जेवण रांधणाऱ्या महिला गटांचे पैसे वेळेवर मिळतात काय? स्थलांतरित मजुराला रेशन दुकानावरून परत पाठविले जाते काय? असा प्रश्न विचारणाऱ्या हाताला जगाच्या भुकेसाठी डबा पुढे करण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होतो.

चार नाण्यांनी जगाची भूक भागत नाही, हे त्या हसणाऱ्यांचे म्हणणे हिशेबाने खरे आहे. पण ऑक्सफर्डच्या त्या ग्रंथालयात जमलेल्यांपाशी तरी काय होते? भूक ही दैवाची करणी नसून माणसाच्या व्यवहाराचा दोष आहे, आणि जे माणसाने बिघडविले ते माणसाला सुधारता येते, एवढा एक विश्वास त्यांच्यापाशी होता. येत्या अन्नदिनी आपल्या वाटेवर कोणी डबा पुढे केला, तर वाचकांनी त्यात यथाशक्ती काही घालावे. आणि घरी परतल्यावर, पानात वाढलेल्या पहिल्या घासापूर्वी, तो डबा पुढे करण्याची पाळी कोणावर आणि का आली, याचा क्षणभर विचार करावा. तो विचार ज्या दिवशी घरोघर होऊ लागेल, त्या दिवशी ही माणसे मूठभर उरणार नाहीत.