‘कट’ आणि कात्री : साम्याचा मोह

इंग्रजीतील ‘कट’ हा शब्द आपल्या ‘काटणे’पासून, म्हणजेच अखेर संस्कृतातून निघाला, असे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. अभिमान समजण्याजोगा आहे. परंतु पुरावा त्याच्या बाजूस नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा शब्द इंग्रजी लेखनात इ. स. १३०० च्या सुमारास आढळू लागतो. त्यापूर्वीच्या प्राचीन इंग्रजीत कापण्यासाठी निराळीच क्रियापदे होती. नवागत ‘कट’ने त्यांना हटविले. त्यांतील एक ‘कार्व्ह’ या रूपाने मांस, लाकूड व दगड यांपुरते उरले. दुसरे ‘शिअर’ होऊन मुख्यत्वे मेंढीच्या लोकरीपाशी थांबले. ‘कट’चे मूळ अनेक अभ्यासक स्कँडिनेव्हियन बोलींत शोधतात, मात्र तेही निर्विवाद सिद्ध झालेले नाही.

आमची ‘कात्री’ संस्कृत ‘कर्तरी’पासून आली आणि ‘कर्तरी’ ‘कृत्’ या धातूपासून. या धातूचे इंग्रजीतील दूरचे नातलग ‘शिअर’ आणि ‘शॉर्ट’ हे शब्द होत. कानाला जवळचा वाटणारा ‘कट’ परका ठरतो आणि परका वाटणारा ‘शिअर’ घरचा निघतो! ‘कत्तल’ही ‘कट’सारखीच ऐकू येते, पण ती अरबीतून आली. ध्वनिसाम्य म्हणजे नाते नव्हे.

सीमाभागात हे ध्यानी ठेवणे विशेष अगत्याचे आहे. येथे कोणता शब्द कोणाचा, यावरून वाद पेटतात. मराठी ‘कात्री’ आणि कन्नड ‘कत्तरी’ एकाच ‘कर्तरी’च्या लेकी आहेत. हे मान्य केल्याने मराठीचा हक्क उणा होत नाही. तो हक्क शब्दांच्या वयावर नव्हे, तर येथे मराठी बोलणाऱ्या, मराठीतून शिकू इच्छिणाऱ्या माणसांवर उभा आहे. खोट्या व्युत्पत्तीचा आधार घेतला, तर प्रतिपक्षाला ती खोडून आपली खरी मागणीही हास्यास्पद ठरविता येते.

खरी चिंता वेगळीच आहे. आपण भाजी चिरतो, ऊस तोडतो, पीक कापतो, फांदी छाटतो, सुपारी कातरतो, पाने खुडतो. प्रत्येक क्रियेला तिचे हत्यार आणि तिचा हात ठाऊक आहे. आज मात्र फोन ‘कट’, पगार ‘कट’, केस ‘कट’, भाजीही ‘कट’! जुन्या इंग्रजी क्रियापदांचे ‘कट’ने जे केले, तेच आता आमच्या क्रियापदांचे होऊ पाहत आहे. ‘कट’ आमचा होता की नाही, यावर वाद घालण्यापेक्षा, जे निःसंशय आमचे आहे ते घरात व शाळेत बोलते ठेवावे. मराठीची सेवा त्यातच आहे.