अस्त्र बोथट होण्याआधी

नांदेड-लातूरकडे साध्या सर्दी-पडशालाही दुकानातून परस्पर प्रतिजैविक आणायचे आणि बरे वाटताच सोडायचे, ही अनेक घरांची रीत आहे. वास्तविक सर्दी विषाणूंमुळे होते. प्रतिजैविके मारतात ती जिवाणूंना. अशा वापराने दुबळे जिवाणू मरतात, चिवट तेवढे उरून फोफावतात. ‘लॅन्सेट’मधील अभ्यासानुसार या प्रतिकारक जिवाणूंनी २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार बळी घेतले.

छत्रपती संभाजीनगरात संशोधन केंद्र असलेल्या वोक्हार्टचे ‘नॅफिथ्रोमायसिन’ हे स्वदेशी प्रतिजैविक २०२४ मध्ये सादर झाले. त्यामागे सुमारे १४ वर्षांची साधना आहे. तिचा अभिमान जरूर बाळगावा. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीविना गोळी घ्यायची नाही, हे व्रत आधी आपल्याच घरात पाळले गेले पाहिजे.