तेलावर जगणारा जंतु

‘जंतु’ हा शब्द ऐकतांच आपल्या मनांत रोगाचें चित्र उभें राहतें. परंतु, विद्यार्थी मित्रहो, सर्वच जंतु आपले वैरी नव्हेत. उत्तर समुद्रांतील बोर्कुम बेटाजवळ सांपडलेल्या व १९९८ सालीं ‘अल्कॅनिव्होरॅक्स बोर्कुमेन्सिस’ असें नांव मिळालेल्या जंतूचें मुख्य अन्नच खनिज तेलांतील द्रव्यें होत. तेल पाण्यांत मिसळत नाहीं. म्हणून हा जीव साबणासारखा एक पदार्थ स्वतःच तयार करितो. त्याच्या योगें तेलाचे बारीक थेंब होतात व ते त्याला पचवितां येतात.

‘मग समुद्रांत तेल सांडलें तर बिघडलें कोठें?’ असें कोणी म्हणेल, तर तें मला मान्य नाहीं. १९८९ सालीं अलास्कांत ‘एक्सॉन व्हॅल्डीझ’ हें जहाज खडकावर आदळलें. तेथील तेलखाऊ जंतूंना नत्र व स्फुरद मिळावें म्हणून किनाऱ्यावर खत घालावें लागलें; केवळ तेलावर त्यांची वाढ होत नाहीं. त्यानें पुष्कळ कार्य झालें. तरी दगडगोट्यांखालीं, जेथें प्राणवायु पुरेसा पोंचत नाहीं, तेथें वीस वर्षांनंतरहि तेल शिल्लक होतें. २०१० च्या ऑगस्ट महिन्यांत मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हां आपल्याहि किनाऱ्यावरील खारफुटी तेलानें माखली.

आई रोज केर काढते म्हणून घरभर कचरा टाकणाऱ्या मुलास आपण शहाणा म्हणत नाहीं. या मूक सेवकाचे आभार अवश्य मानावे. पण आपल्या हलगर्जीपणाचा भार त्याच्यावर टाकूं नये.